ह्यात अंडं असतं का?

वन्संनी काचेवर बोट टेकवलं आणि थेट मराठीतच विचारलं, "ह्यात अंडं असतं का हो?"

मागे ही रांग. रोमचं जोलित्ती म्हणजे १९०० सालापासूनचं जेलाटोचं, म्हणजे इटालियन आइस्क्रीमचं दुकान, संसदेपासून दोन मिनिटांवर. भर दुपारी तिथे विचार करत उभं राहायची पद्धत नाही. आधी गल्ल्यावर पैसे भरायचे, पावती घ्यायची, ती काउंटरवर ठेवून दोन-तीन चवी घडाघडा सांगायच्या आणि बाजूला व्हायचं. पण पलीकडच्या माणसाने वन्संकडे एकदा नीट पाहिलं, पिवळसर 'क्रेमा'वर आडवं बोट हलवलं आणि पांढऱ्याशुभ्र 'फिओर दि लाते'कडे मान डोलावली. शाकाहारी बायकांचे चेहरे त्याला वाचता येत असावेत. क्रेमात अंड्याचा बलक असतो, झाबायोने नावाच्या चवीत तर असतोच असतो. फिओर दि लाते म्हणजे नुसतं दूध, साखर आणि थोडी साय. वर त्याने न विचारता फेटलेल्या क्रीमचा एक ढीग ठेवला, तेही फुकट. रोममध्ये हा रिवाज आहे. वन्संना त्या फुकट ढिगाचा आनंद खालच्या जेलाटोपेक्षा जास्त झाला, असं माझं मत आहे.

इटलीला जाऊन आल्यापासून लोक मला विचारतात, जेलाटो कुठे खायचं? मी सांगते, पण आधी कुठे खायचं नाही ते सांगते. काचेमागे डोंगर रचलेले असतात ना, निळे, जांभळे, वर अख्खा कलिंगडाचा काप खोचलेला, तिथे जाऊ नये. खऱ्या जेलाटोला असं उंच उभं राहता येत नाही. त्याच्यात हवा कमी, आइस्क्रीमच्या मानाने चरबीही कमी, आणि ते वाढतात उणे बारा-तेरा अंशांवर, म्हणजे बरंच मऊ. ढिगाला उभं ठेवायला काहीतरी टेकू लावावा लागतो, आणि तो टेकू आपल्या पोटात जातो. मला विचाराल तर जिथे काहीच दिसत नाही ते दुकान उत्तम. जुन्या पद्धतीच्या काउंटरवर नुसती स्टीलची गोल झाकणं असतात, ओळीने. पोझ्झेत्ती म्हणतात त्यांना. माणूस झाकण उचलतो, आत खोल हात घालतो, चपट्या उलथन्याने जेलाटो घोटून वर काढतो, झाकण लावतो. लोणच्याच्या बरणीत आजीखेरीज कुणी हात घालायचा नाही, तसला कारभार.

आणि पिस्ता. पिस्त्यावरून दुकान ओळखावं हे आता सगळेच सांगतात, तरी मी सांगणारच. खरा पिस्ता भाजला-वाटला की मळकट होतो, खाकीकडे झुकलेला हिरवा. आमचं सगळं बालपण पोपटी पिस्त्यावर गेलं. लग्नाच्या पंगतीत कागदी कपातून यायचा तो, लाकडी चपट्या चमच्यासकट, आणि त्याला बदामाच्या इसेन्सचा वास यायचा. त्याला पिस्ता का म्हणायचं हे कुणी विचारलं नाही. मला तो अजूनही आवडतो. सिसिलीतल्या ब्रोंतेचा पिस्ता जगात भारी असेल, आहेच, पण लग्नातला तो पोपटी कप आजही समोर आला तर मी मागे हटणार नाही. हे वन्संसमोर बोललेले नाही.

रोममध्येच, तेर्मिनी स्टेशनपासून चालत जाण्याजोगं, एस्क्विलिनो भागात फास्सी आहे. व्यवसाय १८८० चा, आताची जागा १९२८ ची. दुकानाचं नाव 'थंडीचा राजवाडा', आणि खरोखर राजवाड्याएवढा हॉल. जवळच्या बाजारात कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, बांगलादेशी मसालेवाले, चिनी भाजीवाल्या. टूरच्या बसा इकडे सहसा येत नाहीत. आम्ही गेलो तेव्हा म्हाताऱ्या रोमन बायका एकट्या टेबलाशी बसून सावकाश खात होत्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. मला ते फार आवडलं. आपल्याकडे बाईमाणूस एकटं आइस्क्रीम खायला बसलं की वेटर दुसरा ग्लास आणून ठेवतो आणि वाट बघतो.

तिथे बसल्या बसल्या वन्सं म्हणाल्या, "वहिनी, हे पॉटातल्यासारखं लागतंय."

लागत होतंच. मी मघापासून तेच आठवत होते, फक्त नाव सुचत नव्हतं.

मे महिन्यात आमच्याकडे पॉट निघायचा. लाकडी बादली, मधे उभा डबा, भोवती फोडलेला बर्फ आणि खडेमीठ, वर हँडल. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून सायकलच्या कॅरियरवरून यायची आणि अंगणभर पाण्याची रेघ काढायची. मीठ टाकलं की बर्फ नुसत्या बर्फापेक्षा गार होतो, हे शाळेत शिकायच्या आधी आम्हाला बोटांनी कळलं होतं. हँडल फिरवायला मुलांच्या पाळ्या लागत. सुरुवातीला सगळ्यांना फिरवायचं असे, ते जड व्हायला लागलं की सगळ्यांना लघवीला जायचं असे. शेवटी काका बसत, आणि पॉट हलू नये म्हणून त्याच्यावर गोणपाट टाकून सर्वांत जाड भावाला बसवत. आतलं मिश्रण म्हणजे आटवलेलं दूध, हापूसचा रस, आणि दाटपणाला कस्टर्ड पावडर, म्हणजे कॉर्नफ्लोअरच. माणसाच्या हाताने फिरवून हवा ती किती भरणार? त्यामुळे ते घट्ट, जड, चमच्याला चिकटणारं व्हायचं. सिसिलीतही जुन्या पद्धतीत अंड्याऐवजी स्टार्चच घालतात, हे मी वन्संना सांगितलं तेव्हा त्यांनी असा चेहरा केला की जणू पाककृती इथूनच गेली होती.

तो पॉट 'पुरानंतरचा' होता. आजी घरातल्या प्रत्येक वस्तूचं वय दोनच शब्दांत सांगे, पुराआधीचं आणि पुरानंतरचं. १२ जुलै १९६१, पानशेत धरण फुटलं तो पुण्यातला पूर. आमचा वाडा नदीपासून फार लांब नव्हता. पुराआधीचं म्हणून एक पितळी पातेलं होतं, एक पाटा होता, जो वाहून जाऊच शकत नव्हता, आणि बाकी गोष्टी होत्या त्या नुसत्या सांगायच्या. पुराआधी वाड्यात एक मोठा पॉट होता म्हणे, शिसवी बादलीचा. त्यातलं आइस्क्रीम नंतरच्या पॉटाला कधी जमलं नाही, असं आजी दर मे महिन्यात, वाटी पुसून खाल्ल्यावर म्हणायची.

फ्लॉरेन्सला आम्ही व्हिवोलीत गेलो. १९३० पासूनचं, सांता क्रोचे चर्चजवळच्या गल्लीत. तिथे कोन मिळत नाही, कपच. पाहिजे तर घ्या. पुण्यात वाढलेल्या माणसाला अशा दुकानात एकदम घरी आल्यासारखं होतं. तांदळाचं जेलाटो मी तिथे खाल्लं, आपल्या खिरीची थंडगार, अबोल चुलत बहीण. त्या शहरात २०१८ साली काही रस्त्यांवर जेवणाच्या वेळी फुटपाथवर, उंबऱ्यावर बसून खायला बंदी घातली होती, दंडासकट. रोममध्ये स्पॅनिश पायऱ्यांवर तर २०१९ पासून बसायचीही सोय नाही. म्हणजे जेलाटो घ्यायचं आणि चालू लागायचं. वन्संना चालता चालता खाणं पटत नाही. त्या एका दुकानाच्या बंद शटरला टेकून, पदर सावरून, पाच मिनिटांत कप संपवत, चोरून खाल्ल्यासारख्या. आपल्याला कुणी काही बोललं नाही.

हे जेलाटोवाले मुळात कुठले, हे मी परत आल्यावर वाचत बसले. राजघराण्यांच्या मेजवान्यांच्या गोष्टी पुष्कळ आहेत, त्या सोडून देते. मला सापडले ते उत्तरेतले डोंगरातले लोक, झोल्दो आणि कादोरे खोऱ्यांतले. जमीन कमी, थंडी फार. एकोणिसाव्या शतकात ते हातगाड्या घेऊन व्हिएन्नाला, पुढे जर्मनीला गेले, जेलाटो विकायला. वसंतात जायचं, शरद संपता संपता परत यायचं, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम. बायका-पोरं, म्हातारे बरेचदा गावी. त्यांच्याच भागात लोंगारोने नावाचं गाव आहे. तिथे १९५९ पासून जेलाटोचं प्रदर्शन भरतं, आणि तेही ऐन थंडीच्या तोंडावर, कारण जेलाटोवाले घरी असतात ते तेव्हाच.

९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री लोंगारोनेच्या वरच्या वायोंत धरणाच्या जलाशयात डोंगराचा कडा कोसळला. पाणी भिंतीवरून उसळून खाली आलं. धरण फुटलं नाही, ते आजही उभं आहे. गाव मात्र काही मिनिटांत गेलं, सुमारे दोन हजार माणसांसकट. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. जर्मनीतला हंगाम तेव्हा नुकता आवरत आलेला असतो.

लोंगारोने पुन्हा बांधलं. प्रदर्शन अजूनही भरतं, दर वर्षी, त्याच गावात.