चार मीटरच्या आतली उंच गाडी आमच्या माणसांनी का घेतली

गेल्या काही वर्षांत आमच्या नात्यात आणि सोसायटीत ज्या नव्या गाड्या आल्या, त्यांतल्या बहुतेक एकाच साच्याच्या आहेत. लांबी चार मीटरच्या किंचित आत, जमिनीपासून उंच, पुढून रुंद आणि किंमत मात्र एके काळी चांगली सेदान यायची तेवढी. कुणाकडे नेक्सॉन, कुणाकडे ब्रेझा, व्हेन्यू, सोनेट किंवा थ्रीएक्सओ, आणि अलीकडे एका घरी कायलॅक. हीच का घेतली, असे मी या सगळ्यांना सवडीने विचारत आले आहे. पहिले उत्तर बहुधा ठरलेले असते : दिसायला भारदस्त आहे, खड्ड्यांत बरी पडते, सुरक्षित आहे. बोलणे थोडे पुढे नेले की खरे कारण हळूहळू बाहेर येते, आणि ते ऐकून माझे असे मत झाले आहे की ही गाडी चालवणाऱ्याने स्वतःसाठी निवडलेली नसतेच. ती मागे बसणाऱ्यांसाठी आणि प्रवासातल्या शेवटच्या दोन-चार किलोमीटरांसाठी निवडलेली असते.

माझे मोठे दीर कराडजवळच्या एका गावात राहतात. त्यांच्याकडे आधी छोटी हॅचबॅक होती आणि तिच्याविषयी त्यांची तशी काही तक्रार नव्हती; ॲव्हरेज उत्तम, सर्व्हिसिंग स्वस्त, गल्लीत सहज वळणारी. अडचण होती ती गावाच्या वेशीवरच्या गतिरोधकाची. शाळेसमोर अपघात झाल्यावर ग्रामस्थांनी तो स्वतःच घालून घेतला, त्यामुळे त्याला ना माप आहे ना पांढरे पट्टे. गाडीत एकटा माणूस असला तर ती तिरकी घालून कशीबशी पलीकडे जायची, पण पाच माणसे आणि डिकीत गव्हाचे पोते असले की हमखास पोट घासायचे. म्हणून मागच्या तिघांना अलीकडे उतरवायचे आणि पलीकडे पुन्हा बसवायचे, अशी रीतच पडून गेली होती. लग्नाला शालू नेसून निघालेल्या बायकांनीही उतरायचे. उसाच्या हंगामात यात आणखी भर पडते, कारण भरलेल्या जोडट्रॉल्यांच्या चाकांखाली रस्ता दोन्ही बाजूंनी दबतो आणि मध्ये राहिलेला उंचवटा नेमका इंजिनाखाली येतो. माहितीपत्रकात साध्या हॅचबॅकचा ग्राऊंड क्लिअरन्स साधारण १६० ते १७० मिलिमीटर लिहिलेला असतो आणि या उंच गाड्यांचा २०० च्या आसपास. फरक जेमतेम दोन-तीन बोटांचा, पण दिरांनी नेक्सॉन घेतली ती तेवढ्यासाठीच. तिला फोर-व्हील ड्राइव्ह नाही. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांची ताकद पुढच्या दोन चाकांनाच जाते. त्याचे त्यांना काही वाटत नाही, कारण नांगरलेल्या रानात घालायला त्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे.

पुण्यातल्या आत्याचे कारण वेगळे, पण त्याच्या मुळाशीही उंचीच आहे. आत्याचे गुडघे झिजलेले आहेत. जुन्या सेदानमध्ये बसताना तिला एक हात दाराच्या वरच्या कडेवर आणि दुसरा कुणाच्या तरी खांद्यावर ठेवावा लागे, मग पाठ फिरवून हळूहळू खाली जायचे आणि शेवटचे वीतभर अंतर अंग सोडून द्यायचे. उतरताना हाच प्रकार उलटा, आणि तो जास्त त्रासाचा. “त्या गाडीत बसायचं नसतं, पडायचं असतं,” असे ती म्हणायची. नव्या गाडीच्या शोरूममध्ये विक्रेता सनरूफ, मोठा स्क्रीन आणि थंड हवा देणारी सीट यांचे कौतुक सांगत होता, त्या वेळात आत्या तीन मॉडेलांत ओळीने बसून आणि उतरून पाहत होती. व्हेन्यूच्या सीटची कड बरोबर तिच्या कमरेला लागली. ती पाठमोरी टेकली, मग एक पाय आत, मग दुसरा, आणि खांदा कुणाचाच लागला नाही. आतेभावाचा निर्णय तिथेच झाला. त्याने आधी स्कॉर्पिओसारख्या मोठ्या गाडीचाही विचार केला होता, पण तिच्यात पायरीवर चढून जावे लागते आणि ते आत्याला सेदानपेक्षाही अवघड होते. गुडघेदुखीच्या माणसाला ना खाली वाकायला लावणारी, ना वर चढायला लावणारी अशी मधली उंची घराघरांतून हवी आहे, आणि माझ्या मते या वर्गाच्या खपाचे हे सर्वांत कमी बोलले जाणारे कारण आहे. जाहिरातीत मात्र ही गाडी नेहमी डोंगरमाथ्यावर उभी असते आणि तिच्याशेजारी पंचविशीतले जोडपे असते.

आता लांबी चार मीटरच्याच आत का, या प्रश्नाचे उत्तर रस्त्यावर सापडत नाही, ते करांच्या तक्त्यात आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले आणि छोटी गाडी कशाला म्हणायचे तेही ठरवून दिले : लांबी ४,००० मिलिमीटरपर्यंत, आणि इंजिन पेट्रोल असल्यास १,२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल असल्यास १,५०० सीसीपर्यंत. सवलत हॅचबॅकसाठी होती, पण नियमात उंचीविषयी काही म्हटलेले नव्हते. आधी सेदानांच्या डिक्या छाटल्या गेल्या, मग उंच गाड्याही त्याच मापात बसवायला सुरुवात झाली. आपल्या चिंचवडच्या प्रीमियर कंपनीने २००९ मध्ये रिओ आणली, २०१२ मध्ये महिंद्राने झायलो आखूड करून क्वांटो काढली. दोन्ही फारशा चालल्या नाहीत. लोकांना हा प्रकार खऱ्या अर्थाने आवडला तो जून २०१३ मध्ये फोर्डची इकोस्पोर्ट आल्यावर. तिचे स्टेपनीचे चाक मागच्या दारावर असायचे आणि ते दार आडवे उघडायचे, त्यामुळे भिंतीला लावून उभी केली की डिकी उघडता येत नसे, तरीही तिच्यासाठी लोक महिनोन्‌महिने थांबले. त्यानंतर मार्च २०१६ मध्ये ब्रेझा आली, सप्टेंबर २०१७ मध्ये नेक्सॉन, आणि मग रांगच लागली.

जीएसटी आल्यानंतरही ती चार मीटरची रेघ कायम राहिली. छोट्या पेट्रोल गाडीवर उपकरासह २९ टक्के, छोट्या डिझेल गाडीवर ३१, आणि मोठ्या एसयूव्हीवर मात्र थेट ५० टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला, छोट्यांना १८ टक्के आणि मोठ्यांना ४० टक्के कर लागू झाला. आमच्या शेजारच्या काकांना, जे बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि कोटेशनचा कागद ओळ न ओळ वाचतात, मनातून क्रेटाच हवी होती. तिची लांबी सुमारे ४.३ मीटर. ऑन-रोड किमतीतला फरक आणि त्यातला कराचा वाटा त्यांनी मांडून पाहिला आणि त्याच पैशात छोट्या गाडीचे जवळजवळ टॉप मॉडेल येते म्हटल्यावर ते सोनेटकडे वळले. म्हणजे गाडीचा आकार त्यांनी निवडला असे म्हणायचे, पण तो दिल्लीत बऱ्याच आधी निवडला गेला होता. या हिशोबाला एक अपवाद आहे आणि तो गमतीचा आहे : ब्रेझाचे डिझेल इंजिन २०२० मध्ये बंद झाले आणि तिला १,४६२ सीसीचे पेट्रोल इंजिन आले, त्यामुळे लांबी मापात असूनही ती छोट्या गाडीच्या सवलतीत बसत नाही. तरीही ती भरपूर खपते, कारण तालुक्याच्या गावातही तिचे सर्व्हिस सेंटर असते आणि जुनी विकताना भाव पडत नाही. ही दोन कारणे सांगणारे लोक बहुधा कराचा विषय काढतही नाहीत.

सुरक्षिततेचे कारण अलीकडचे आहे. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या मॉडेलांची धडक चाचणी घेतली आणि पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले, तेव्हा आमच्याकडे कुणाच्या बोलण्यातही ते आल्याचे मला आठवत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉनला पाच तारे मिळाले, भारतीय बनावटीच्या गाडीला पहिल्यांदाच, आणि तिथून चित्र पालटले. पुढे महिंद्राच्या एक्सयूव्ही ३०० लाही, म्हणजे थ्रीएक्सओच्या आधीच्या गाडीलाही, ते मिळाले, ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली चाचणी सुरू झाली, आणि आता शेतावरचा माणूसही किती स्टार म्हणून विचारतो. मात्र शोरूममध्ये लोक अजून बोटाच्या पेराने दार वाजवून पत्रा जाड आहे का हे पाहतात, जणू तारे पत्र्याच्या आवाजावर मिळतात. ते मिळतात सांगाड्यावर, म्हणजे धडकेचा जोर पुढचा भाग चुरगळून किती शोषतो आणि माणसे बसतात तो भाग किती शाबूत राहतो यावर, शिवाय एअरबॅग आणि पट्ट्यांवर. बाहेरचा पत्रा त्यात फारसे काही करत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता, असे तेव्हा पोलिसांनी सांगितले. आठवडाभर सगळीकडे मागच्या पट्ट्यांचीच चर्चा होती. आज आमच्या नात्यातल्या पाच ताऱ्यांच्या गाड्यांमध्ये मागचे पट्टे बहुधा सीटच्या फटीत दडपलेले असतात, म्हणजे तेच खुपू नयेत म्हणून.

महाराष्ट्रात आणखी एक कारण ऐकू येते, ते म्हणजे गाडी जवळपास तयार होते. नेक्सॉन रांजणगावला, थ्रीएक्सओ नाशिकला, कायलॅक चाकणला, आणि नवी व्हेन्यू आता तळेगावला, जिथे पूर्वी जनरल मोटर्सचा कारखाना होता. चाकण किंवा अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत नात्यातला एक तरी माणूस कामाला असतोच, आणि त्याचे मत शोरूममधल्या विक्रेत्यापेक्षा जास्त मानले जाते. नाशिकच्या माझ्या धाकट्या जाऊबाईंनी एक्सयूव्ही ३०० घेतली ती अशाच एका शब्दावर. त्या स्वतः रोज गाडी चालवतात. उंच बसल्यामुळे पुढच्या रिक्षाच्या पलीकडचे दिसते आणि लांबी कमी असल्यामुळे कॉलेज रोडवर दोन गाड्यांच्या मध्ये लावताना धास्ती वाटत नाही, एवढे त्यांचे म्हणणे. तारे, टॉर्क वगैरे त्यांच्या लेखी नंतरचे.

या सगळ्यांनी काही गोष्टी चालवूनही घेतल्या आहेत. मागच्या सीटवर तिसरा माणूस बसतो तो अंग चोरून, आणि तो बहुधा घरातला सर्वांत लहान असतो. उंच गाडी वळणावर झुलते. तिच्यात आंबेनळी किंवा वरंधा घाटात मागच्यांना गाडी लागण्याचे प्रमाण सेदानपेक्षा जास्त, हा माझा स्वतःचा अनुभव आहे आणि दिरांना तो मान्य नाही. ब्रेझाचा सीएनजी प्रकार घेणाऱ्याची अर्धी डिकी टाकीने व्यापलेली असते, नेक्सॉनच्या सीएनजीत दोन लहान टाक्या डिकीच्या तळाखाली टाकल्या आहेत, म्हणून तिथे बॅगा तरी मावतात. डिझेलला आपल्याकडे आरटीओचा करही पेट्रोलपेक्षा जास्त पडतो, त्यामुळे ज्यांचे महिन्याचे चालणे भरपूर आहे तेच आता डिझेल घेतात. पुण्या-मुंबईतल्या यांत्रिक पार्किंगमध्ये वरचा कप्पा सेदानच्या उंचीचा असेल तर ही गाडी तिथे जातच नाही; हे बुकिंगच्या आधी टेपने मोजून घ्यावे, इतके मी प्रत्येकाला सांगते. सनरूफविषयी मी बोलत नाही, तो नातवंडांचा प्रांत आहे आणि त्यापुढे कुणाचे काही चालत नाही.

आमच्या नात्यात या लाटेत न गेलेला एकच आहे, नागपूरचा मावसभाऊ. व्यवसायामुळे त्याला वरचेवर समृद्धी महामार्गाने मुंबईकडे यावे लागते. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला आणि त्यावर वेगाची मर्यादा ताशी १२० आहे. त्या वेगाला आडव्या वाऱ्यात उंच गाडी हलते, बुटकी जमिनीला धरून राहते आणि तेलही कमी पिते, शिवाय मालाच्या नमुन्यांच्या पेट्या डिकीत कुलपाआड राहतात, म्हणून त्याने लाखभर वाचवून सेदान घेतली आणि तो तिच्यावर खूश आहे. त्याच्या कामाला तीच बरोबर आहे, हे मलाही पटते. दिवाळीत कराडला येताना मात्र तो ती पुण्यात आतेभावाकडे लावतो आणि त्याची व्हेन्यू मागून घेतो.