जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधली घरघर आणि खरखर

सत्तरच्या दशकातला मरँट्झ, पायोनियर किंवा सान्सुई अ‍ॅम्प्लिफायर हाती आला आणि त्यातून नको ते आवाज यायला लागले, की पहिला सल्ला मिळतो तो ‘सगळे कंडेन्सर बदलून टाका’ हा. तो मानू नका. दोन-तीन डझन भाग एकदम काढले की एखादा कंडेन्सर उलटा बसतो, पीसीबीचा (भाग बसवलेल्या छापील बोर्डाचा) एखादा ट्रॅक, म्हणजे तांब्याची पट्टी, उखडतो आणि मूळ दोष मात्र जागचा हलत नाही, कारण बऱ्याचदा तो कंडेन्सरमध्ये नसतोच. आधी नीट ऐका, दोष कोणत्या भागात आहे ते ठरवा आणि मगच सोल्डरिंग आयर्न तापवा.

झाकण उघडण्याआधी प्लग काढा. मोठे फिल्टर कंडेन्सर बहुधा ६,८०० ते १५,००० मायक्रोफॅरॅडचे असतात आणि प्लग काढल्यावरही त्यांत चार्ज टिकतो. १०० ओहम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर इन्सुलेट केलेल्या क्लिपांनी प्रत्येकावर दहा-पंधरा सेकंद लावा आणि मीटरने खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करण्याची सवय कायमची सोडा. पहिल्यांदा चालू करताना मेनच्या तारेत सिरीजमध्ये ६० किंवा १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब हवा. एलईडी इथे चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. मग स्पीकर न जोडता स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजा (यालाच ऑफसेट म्हणतात). ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर पुढे चला, १०० च्या वर असेल तर स्पीकर लावूच नका.

आता व्हॉल्यूम शून्यावर आणा. आवाज तसाच राहिला तर दोष व्हॉल्यूमच्या पुढे, म्हणजे पॉवर अ‍ॅम्पमध्ये (स्पीकर चालवणाऱ्या भागात) किंवा पॉवर सप्लायमध्ये आहे. व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त होत असेल तर तो आधीच्या भागात आहे. मागे प्री-आउट (प्रीअ‍ॅम्पचं आउटपुट) आणि मेन-इन (पॉवर अ‍ॅम्पचं इनपुट) जोडणारे धातूचे जंपर असतील (मरँट्झ २२३० आणि २२७० ला ते आहेत) तर ते काढून बघा, सेटचे सरळ दोन तुकडे पडतात. कधी कधी ते जंपरच काळे पडलेले असतात आणि एक चॅनल ये-जा करतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, हे फार लवकर होतं. आवाज एकाच चॅनलला असेल तर इनपुटच्या डाव्या-उजव्या पिना अदलाबदल करा. दोष दुसऱ्या बाजूला गेला तर तो सेटच्या बाहेर आहे.

घरघर दोन प्रकारची असते. फुल-वेव्ह रेक्टिफायर असलेल्या सप्लायचा रिपल (डीसीत उरलेला एसीचा अंश) १०० हर्ट्झचा असतो आणि कानाला जरा कर्कश लागतो. बाहेरून केबलमध्ये शिरलेली किंवा ग्राउंड लूपची (जोडलेल्या उपकरणांच्या ग्राउंडमधून तयार झालेल्या वेढ्याची) घरघर मुख्यतः ५० हर्ट्झची, खोल आणि गोल असते. कानाला फरक कळत नसेल तर मोबाइलवरचं कुठलंही स्पेक्ट्रम अ‍ॅप दाखवेल. रिपल मोजायला मीटर एसीवर ठेवून फिल्टर कंडेन्सरवर लावा. १०,००० मायक्रोफॅरॅडचा चांगला कंडेन्सर आणि ०.२ अँपिअरचा भार असेल तर रिपल साधारण ०.२ व्होल्ट पीक-टू-पीक येतो. गाणं न लावता व्होल्टभर किंवा अधिक येत असेल तर कंडेन्सर गेला. नवा घेताना व्होल्टेज तितकंच किंवा जास्त, तापमान १०५ अंशांचं, आणि जुन्याचा व्यास मोजून घ्या, नाहीतर क्लँपमध्ये बसत नाही.

ग्राउंड लूपचा नेहमीचा गुन्हेगार सेट-टॉप बॉक्स किंवा कॉम्प्युटर. एकेक केबल काढा, गुन्हेगार सापडतो. अर्थिंगची पिन मात्र कधीही कापू नका, त्याने जीव जाऊ शकतो. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरही सेटमध्ये किरकिर घालतात, तेव्हा झाकण उघडण्याआधी तेही बंद करून ऐका. फक्त फोनोवर, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरच्या इनपुटवर, घरघर असेल तर टर्नटेबलची ग्राउंड वायर आधी बघा. फोनोचं आरआयएए इक्वलायझेशन (रेकॉर्ड कापताना कमी केलेला खर्ज परत वाढवणारं सर्किट) २० हर्ट्झजवळ सुमारे २० डेसिबल वाढ देतं, शिवाय कार्ट्रिजचा (सुई बसवलेल्या डबीचा) सिग्नल जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्टचा. त्यामुळे मोकळ्या फोनो इनपुटवर घरघर येणं हा दोष नाही. इनपुट शॉर्ट करणारा शॉर्टिंग प्लग लावूनच तपासा.

व्हॉल्यूम फिरवताना होणारी खरखर बहुतेक वेळा पॉटवरच्या (बटणामागच्या फिरत्या रेझिस्टरवरच्या) मळाची असते. डीऑक्सिटसारखा कॉन्टॅक्ट क्लीनर पॉटच्या फटीतून थोडासाच मारा आणि पॉट तीस-चाळीस वेळा पूर्ण फिरवा. साधा डब्ल्यूडी-४० वापरू नका, त्याचा तेलकट थर धूळ धरतो. साफ करूनही खरखर राहिली तर पॉटच्या टर्मिनलवर डीसी मोजा. तिथे डीसी नसायलाच हवं. सापडलं तर आधीचा, डीसी अडवणारा कपलिंग कंडेन्सर लीक आहे. तो १ ते २.२ मायक्रोफॅरॅडचा असेल तर जागी फिल्म कंडेन्सर लावा. पॉट बदलण्यात पैसे घालवू नका.

सगळ्यात जास्त चकवणारा आवाज म्हणजे गाणं बंद असतानाही अधूनमधून येणारी फटफट आणि आगीत मीठ टाकल्यासारखी तडतड. हे काम म्हाताऱ्या ट्रान्झिस्टरचं. हिताचीचा २एससी४५८ आणि पायोनियरच्या अनेक मॉडेलांतला २एसए७२६ हे दोघे यासाठी बदनाम आहेत. बऱ्याच वेळा त्यांचे पाय काळे पडलेले दिसतात. फ्रीझ स्प्रेचा बारीक फवारा एकेका ट्रान्झिस्टरवर मारा. ज्यावर मारल्यावर तडतड काही सेकंद थांबते किंवा एकदम बदलते तो पकडा. २एससी४५८ च्या जागी केएससी१८४५ आणि २एसए७२६ च्या जागी केएसए९९२ चालतो, पायांचा क्रमही तोच: एमिटर, कलेक्टर, बेस. बीसी५४७ कुठल्याही दुकानात मिळतो, पण त्याचे पाय कलेक्टर, बेस, एमिटर असे असतात, म्हणून डेटाशीट न बघता तो खुपसू नका. पॉवर अ‍ॅम्पच्या इनपुटची डिफरन्शियल जोडी (एकत्र काम करणारे दोन जुळे ट्रान्झिस्टर) असेल तर दोन्ही एकदम बदला. मीटरवर एचएफई (ट्रान्झिस्टर करंट किती पट वाढवतो तो आकडा) मोजून पाच-दहा टक्क्यांत जुळणारे दोन निवडा, नाहीतर ऑफसेट वाढतो.

बोर्डवर बांबूच्या काडीने हलके टकटक केल्यावर आवाज येत असेल तर ड्राय सोल्डर, म्हणजे सैल पडलेला सोल्डरचा जोड, शोधा. जड भागांच्या आणि गरम रेझिस्टरच्या पायांभोवती बारीक गोल चीर असते. जुनं सोल्डर ओढून घ्या आणि ताजं ६०/४० (कथील-शिसे) लावा. कंडेन्सरच्या बुडाशी तपकिरी पडलेला डिंक दिसला तर तो खरवडून काढा, कारण कालांतराने तो करंट वाहू लागतो आणि शेजारच्या तारा खातो. एक चॅनल हळू आवाजात गायब आणि व्हॉल्यूम वाढवला की परत, हे स्पीकर रिलेचं (स्पीकर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आतल्या स्विचचं) लक्षण. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेली जाड कागदाची पट्टी कॉन्टॅक्टमधून ओढा. पॉलिश पेपर नको, चांदीचा मुलामा जातो.

ट्रान्झिस्टर बदलल्यावर सर्व्हिस मॅन्युअलमधला बायस (गाणं नसताना आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा करंट) पुन्हा लावावा लागतो. सेट वीस मिनिटं तापू द्या, एमिटर रेझिस्टरवरचे मिलिव्होल्ट मॅन्युअलप्रमाणे आणा, ऑफसेट पुन्हा मोजा, आणि पहिलं गाणं साध्या, स्वस्त स्पीकरवरच वाजवा.