आमची वाटचाल : उद्यमनगरातली वरची खोली

२००३ साली कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, एका पॅटर्न शॉपच्या, म्हणजे ओतकामाचे नमुने बनवणाऱ्या दुकानाच्या, वरच्या खोलीत मी आणि माझ्या भागीदाराने नोकरभरतीचं काम सुरू केलं. दोन खुर्च्या, एक फोन, फिटर-टर्नर-मोल्डर पोरांची कार्डं ठेवायला पत्र्याचा डबा, आणि जबड्यांत धरून माप घ्यायचा एक जुना व्हर्नियर.

तो व्हर्नियर अजून टेबलावर आहे. जबडे पूर्ण मिटवले तरी तो शून्याऐवजी ०.०६ मिलिमीटर दाखवतो. मी तो मुद्दाम दुरुस्त केलेला नाही. पोरासमोर बरोबर २५ मिलिमीटरची पिन ठेवायची आणि गप्प बसायचं. जो आधी जबडे मिटवून शून्य बघतो, त्याला त्याच दिवशी शिरोलीच्या कारखान्यांत पाठवतो. जो थेट २५.०६ सांगतो, त्याला चहा पाजतो आणि चूक समजावून महिन्याने परत बोलावतो. मार्कशीट मी नंतर बघतो.

२००८ च्या दिवाळीनंतर ट्रकची मागणी कोसळली. आमच्या गिऱ्हाईक फौंड्र्यांत, म्हणजे ट्रकचे भाग ओतणाऱ्या कारखान्यांत, आठवड्यातून तीन-तीन दिवस भट्टी पेटेना. नवीन माणूस कोण घेणार? चार महिने एकही बिल निघालं नाही. खोलीचं भाडं थकलं, बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. आणि त्याच दिवसांत भागीदार कार्डांचा डबा उचलून गेला. दोन गल्ल्या पलीकडे त्याने स्वतःचं ऑफिस थाटलं आणि पोरांकडून पाच-पाच हजार घ्यायला लागला. महिनाभर कामावर ठेवायचं, काढायचं, त्याच जागी पुढच्याला भरायचं. मी धंदा बंद केला, असंही तो सांगत फिरला. गावाकडची पोरं शेळी विकून पैसे आणायची हो! आम्ही पोराकडून आजवर रुपया घेतलेला नाही. फी मालकाने द्यायची.

तेव्हा शिरोलीचे एक फौंड्रीवाले आण्णा धावून आले. म्हणाले, "माणसं नकोत मला. आहेत त्यांनाच शिकव." फेटलिंगची, म्हणजे ओतलेल्या मालाच्या कडा घासणारी, अकरा पोरं, दिवसभर ग्राइंडर मारून हात थरथरायचे त्यांचे. रोज संध्याकाळी दोन तास मी त्यांना ड्रॉइंग, टॉलरन्स (मापात किती फरक चालतो ते), मायक्रोमीटर शिकवायचो. आण्णांनी एकालाही घरी बसवलं नाही आणि माझे पैसे दर शनिवारी रोख दिले. ऑर्डरी परतल्यावर त्यांनी मशीन शॉप टाकलं, तेव्हा त्यातले सात जण सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, उभे राहिले.

पुढची वर्षं बरी गेली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बिहार-यूपीचे मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे भरणारे, गावी गेले तेव्हा सगळ्यांचे फोन एकदम आले. मोल्डिंगच्या उष्णतेत उभं राहायला इथली पोरं सहसा तयार होत नाहीत, डिप्लोमावाले पुण्याजवळचं चाकण गाठतात.

मालक लोकांना एक सांगतो. ऑपरेटरच्या पगारात सेटर मागू नका. ऑपरेटर मशीनवर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लावतो, काढतो. सेटर टूल बदलतो, ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) देतो, पहिला पीस पास करून घेतो. तो शिकला की दोन हजारांसाठी शेजारच्या शेडमध्ये जातो, मग तुम्ही पोरांच्या निष्ठेवर बोलता. आणि पोरांनो, चाकणचा पगार ऐकताना खोलीभाडं आणि मेस वजा करून ऐका.

भागीदाराने डबा अजून परत दिलेला नाही. त्यातलं एकेक कार्ड माझ्या हस्ताक्षरातलं आहे.