आरामखुर्ची क्रमांक 1 आणि 2

मृत्युपत्रात खुर्चीबद्दल एवढंच होतं : ‘माझी शिसवी आरामखुर्ची मुलीला. बाकीचं लाकूडसामान दोघा मुलांनी वाटून घ्यावं.’ दादरच्या त्या फ्लॅटमध्ये आरामखुर्च्या निघाल्या दोन. दोन्ही काळ्याभोर पॉलिशच्या, वेताने विणलेल्या, पाय टाकायला हातांखालून बाहेर वळणाऱ्या फळ्यांच्या.

प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, मिळालं होतं. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 317 प्रमाणे एक्झिक्युटरने, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याने, 6 महिन्यांच्या आत मिळकतीची यादी कोर्टात द्यायची असते. एक्झिक्युटर म्हणजे या भावंडांचे मामा. त्यांनी वहीत कच्ची यादी केली होती : ‘मोठं कपाट 1, लहान कपाटं 2, शोकेस 1, काचेचं कपाट 1, जुन्या खुर्च्या 2.’ शोकेस आणि काचेचं कपाट ही एकच वस्तू होती, मधे तिची खोली बदलली एवढंच. थोरला भाऊ सिंगापूरला. घरात पाऊल न टाकता, नुसती यादी वाचून त्याला वस्तू ओळखता यायला हवी, या हिशेबाने मी सगळं नव्याने लिहायला घेतलं.

अशा याद्या करताना माझा क्रम ठरलेला असतो : प्रकार, लाकूड, मग रुंदी, खोली, उंची सेंटिमीटरमध्ये, मग खुणा आणि मोडतोड, शेवटी जागा. पहिल्या वस्तूला जो क्रम, तोच शेवटच्या पाटाला. खुर्चीचा उजवा हात म्हणजे बसणाऱ्याचा उजवा आणि कपाटाची उजवी बाजू म्हणजे समोर उभं राहणाऱ्याची, हे यादीच्या डोक्यावरच लिहून टाकते. ‘जुनं’, ‘भारी’, ‘चांगल्या स्थितीत’ असले शब्द मी घेत नाही. वाटणीच्या वेळी ते ज्याला जसे सोयीचे तसे वाचले जातात. ‘मागचा डावा पाय तळाशी 4 सेंमी चिरलेला’ यावर कोणी भांडत नाही.

लाकडाचा रकाना आला आणि अडलं. खिडकीजवळच्या खुर्चीत बाबा पेपर वाचत बसायचे. घरात सगळे तिलाच शिसवी म्हणत, आणि ताईंना तीच हवी होती. मिस्त्रींनी ती उलटी केली. बैठकीच्या चौकटीची खालची बाजू कधी पॉलिश झालीच नव्हती. तिथे पटाशीने नखाएवढा छिलका काढला, तर आत सोनेरी तपकिरी लाकूड आणि सागवानाचा तो चामड्यासारखा तेलकट वास. मागच्या खोलीतल्या, वेत तुटलेल्या खुर्चीखाली मात्र जांभळट तपकिरी रंग आणि काळ्या रेघा. खरी शिसवी ती होती.

ताई खालीच बसल्या. धाकटा भाऊ म्हणाला, “मॅडम, खिडकीतलीच शिसवी लिहा ना. ताईला तीच हवीय, आमची काही हरकत नाही.” त्याच्या मनात बहिणीची माया होती, हे दिसत होतं. तरीही मी नाही म्हटलं. यादी मामांच्या सहीने कोर्टात जाते आणि कायद्याला ती पूर्ण व खरी लागते. शिवाय त्याच अधिनियमाचं कलम 79 आहे. मृत्युपत्रातल्या वर्णनाच्या सगळ्या खुणा तंतोतंत जुळणारी वस्तू हजर असेल, तर ते दान त्याच वस्तूपुरतं राहतं. म्हणजे मी लाकूड चुकीचं लिहिलं, तर खुर्ची कोणाची हे माझ्या पेनाने ठरलं असतं. तो अधिकार माझा नव्हे. घरच्यांच्या भावना दुखावल्या तरी लाकूड लाकडासारखंच लिहायचं, याबाबतीत मी हट्टी आहे.

मग लिहिलं. ‘आरामखुर्ची क्र. 1 : शिसवी, उजव्या हाताखालची फळी नाही, पाठीची वीण मधोमध तुटलेली, मागची खोली. आरामखुर्ची क्र. 2 : सागवान, काळं पॉलिश, दोन्ही फळ्या आहेत, डाव्या हाताच्या टोकावर कपाच्या बुडाएवढा पांढरट डाग, बैठकीची खोली, खिडकीजवळ.’ मापं दोन्हींना त्याच क्रमाने.

डागाची ओळ वाचून ताई म्हणाल्या, “तो बाबांच्या चहाचा.” ते यादीत घातलं नाही.

रात्री यादी सिंगापूरला गेली. थोरल्या भावाने फोनवर एकच विचारलं, “क्रमांक 2 ताईला देऊन क्रमांक 1 आम्ही घेतली तर चालेल?” चालणार होतं. तिघं सज्ञान, तिघं राजी. त्या अदलाबदलीचा कागद वेगळा केला, त्यात खुर्च्यांची वर्णनं यादीतून शब्दशः उतरवली आणि सह्यांसाठी तीन प्रती काढल्या.