जुनी सात-सीटर बघताना

आज वापरलेली सात-सीटर डिझेल एसयूव्ही तपासली. इंजिन थंड असतानाच चालू करायचं. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर सरळ दुसऱ्या दिवशी या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबेना आणि कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांमधल्या सीलवर, संशय घ्या. इथे दोन्ही नव्हतं. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये मस्त खेचते, केबिनही शांत.

पण स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवली की पुढच्या चाकातून कट्-कट्! सीव्ही जॉइंट, म्हणजे चाकाला ताकद पोहोचवणारा सांधा, गेलाय. त्यावरचं रबरी आवरण (बूट) फाटलेलं, ग्रीस बाहेर, धूळ आत. टायरवर २३१७, म्हणजे २०१७ च्या २३ व्या आठवड्यातले. नक्षी शिल्लक आहे, पण रबर कडक झालंय. चारही बदलायचे धरूनच भाव करा. मीटरवर किलोमीटर कमी, ब्रेक पेडलचं रबर मात्र झिजून गुळगुळीत, म्हणजे मीटर मागे फिरवल्याचा संशय. सर्व्हिसच्या नोंदी मागाच.

तिसरी रांग पोरांपुरतीच, आणि ती उघडली की डिकीत जेमतेम बॅगा मावतात. डीपीएफवाली (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेली) गाडी फक्त शहरातच फिरली असेल तर स्कॅनर लावून काजळी किती साचलीय ते बघा. डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागला नाही म्हणून फिल्टर साफ आहे असं समजू नका.