घडीच्या चाकूचं लॉक तपासताना: माझा अनुभव

पावसाळी ट्रेकला न्यायला एक घडीचा चाकू घ्यायचा होता. दुकानदार, मित्र, व्हिडिओ, सगळ्यांचा एकच सल्ला: "लॉक दणकट बघ." लॉक म्हणजे उघडलेलं पातं अचानक मिटू न देणारी अडण. दणकट म्हणजे किती, हे मात्र कोणी सांगेना. मग ओळखीपाळखीतले चाकू गोळा केले आणि सुट्टीच्या दिवशी भोसरीत एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये ठाण मांडलं.

गोळा झालं ते असं: नेहमीचा लाल स्विस आर्मी चाकू, ज्यात लॉक नसतंच, नुसती पाठीची स्प्रिंग. लाकडी मुठीचा फ्रेंच ओपिनेल, आठ नंबर. एक बॅकलॉकवाला, मुठीच्या पाठीला दांडी, तिचा दात पात्याच्या बुडातल्या खाचेत बसतो. 1964 साली आलेल्या बक 110 मुळे अमेरिकेत हा प्रकार घरोघरी पोचला. आणि एक बिनछापाचा लायनर लॉक, ज्यात मुठीतली पातळ पत्ती आडवी सरकून पात्याच्या बुडामागे अडते.

धारेवर जाड टेप चढवली. पातं धार खाली करून वाइसमध्ये (टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात) आडवं पकडलं, जबड्यांत लाकडाच्या पट्ट्या घातल्या. बाहेर राहिलेल्या मुठीला, पातं ज्यावर फिरतं त्या रिव्हेटपासून सात सेंटिमीटरवर, दोरीने बादली टांगली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, वजनकाट्याची गरजच नाही. अंतर मात्र सगळ्यांना तेच हवं. बादली लांब सरकवली की तेवढ्याच पाण्याचा टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, वाढतो आणि तुलनेचा बट्ट्याबोळ होतो.

थोडं पाणी पडताच स्विस चाकू मिटला. त्यात नवल नाही, तो त्यासाठी बनवलेलाच नाही. बाकी तिघांनी पंधरा लिटरची भरलेली बादली पेलली. मित्र म्हणाला, "झालं की! तिन्ही पास."

झालं नव्हतं. संथ वजन आणि झटका यांत फरक असतो. मग मूठ वाइसमध्ये धरून पात्याच्या पाठीवर लाकडी हातोडीने हलकेच टोले दिले. बोटं लांब, हे सांगायला नकोच. बॅकलॉक बधला नाही. लायनर लॉक पहिल्या ठोक्यालाच मिटला! टॉर्चच्या उजेडात कारण दिसलं: पत्ती पात्याच्या बुडाला जेमतेम कडेवर टेकत होती आणि त्यावर तेल होतं. थिनरने पुसल्यावर हलका ठोका सोसला, जरा जोराचा नाही. पत्ती कितीही जाड असली तरी टेकायची जागाच निसटती असेल तर ती जाडी काय कामाची?

बॅकलॉकलाही एक खोड आहे. खाचेत माती किंवा फळाचा गर साचला की दात पूर्ण बसत नाही. वरून लॉक लागल्यासारखं दिसतं, म्हणून ते जास्त फसवं.

ओपिनेलची कडी, म्हणजे मुठीच्या तोंडाशी असलेलं फिरतं कडं, मला सगळ्यांत पटली. 1955 पासूनची ही साधी पोलादी कडी हाताने फिरवायची. फिरली की पात्याला मिटायची वाटच बंद. आपोआप लागत नाही ही तिची अडचण, पण लागली की नाही हे अंगठ्याला कळतं. दमट हवेत लाकूड फुगून पातं अडलं, तर कडी मोकळी करून मुठीचं बूड टेबलावर आपटतात. पातं थोडं बाहेर येतं. फ्रान्सच्या सावोया भागातली ही जुनी युक्ती.

या सगळ्यात एक गोष्ट लक्षात आली, जी व्हिडिओवाले सहसा बोलत नाहीत. दोरी किंवा कांदा कापताना जोर धारेवर येतो, म्हणजे पातं आणखी उघडायच्या दिशेला; तेव्हा लॉकवर ताणच नसतो. लॉकची परीक्षा टोक खुपसताना, भोक पाडताना किंवा लाकडात रुतलेलं पातं उपसताना होते. तसली कामं मी घडीच्या चाकूने करतच नाही, बॅकलॉक असला तरी.

शेवटी ओपिनेलच घेतला, तोही स्टेनलेस पात्याचा. जुलैत सह्याद्रीत कार्बन स्टीलला गंजापासून जपत बसण्याइतका उत्साह माझ्यात नाही. लायनर लॉकवाला मित्राने वर्कशॉपमध्ये कुरिअरची खोकी फोडायला ठेवलाय.