हन्नाचे ओठ हलत होते

आमच्या चर्चच्या मंडळीत दर बुधवारी कुणाच्यातरी घरी प्रार्थना सभा असते आणि तिथे आळीपाळीने सगळ्यांनी मोठ्याने प्रार्थना करायची, माझी पाळी आली की डोकं पार ब्लँक होतं, दोन वाक्यं कशीबशी बोलते आणि आमेन. मागच्या महिन्यात चहा पिताना एक मावशी म्हणाल्याच, "घरी तरी करतेस ना गं प्रार्थना?" हसून सोडून दिलं पण घरी येऊन बायबलमधलं पहिलं शमुवेल उघडून बसले.

हन्नाची गोष्ट संडे स्कूलपासून पाठ आहे, मूल नव्हतं, रडली, देवाने शमुवेल दिला, संपलं. या वेळी मात्र पहिल्याच अध्यायात अडकले. हन्नाचा नवरा एलकाना दरवर्षी दोन्ही बायकांना घेऊन शिलोच्या मंदिरात यज्ञ करायला जायचा, आणि तिथे सवत पनिन्ना हन्नाला मुद्दाम टोचून बोलायची, ही रडायची, जेवायची नाही. एलकाना विचारतो, मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का? (नवरे ते नवरे!) यावर तिने काही उत्तर दिल्याचं लिहिलेलंच नाही.

मग ती उठून प्रार्थनेला जाते. आवाज नाही, फक्त ओठ हलतायत, मूळ हिब्रूत शब्दशः 'ती आपल्या हृदयावर बोलत होती' असं आहे. मंदिराच्या दाराच्या खांबाशी आसनावर बसलेला एली याजक, म्हणजे तिथला पुजारी, तिच्या तोंडाकडे बघत राहतो आणि त्याला वाटतं बाई पिऊन आलीय! म्हणजे ज्याला प्रार्थना ओळखता यायला हवी त्यालाच ओळखू येईना. त्याची स्वतःची मुलं त्याच शिलोत लोकांच्या अर्पणाचं मांस काट्याने ओढून घ्यायची, पुढच्याच अध्यायात आहे, त्यांना थोपवणं याला जमलं नाही आणि इथे रडणाऱ्या बाईला दारू सोड म्हणून सांगतोय.

हन्ना भांडत नाही, पण गप्पही बसत नाही. नाही स्वामी, मी प्यायलेली नाही, मी परमेश्वरापुढे माझा जीव ओततेय, मला वाईट चालीची समजू नका. एवढं सरळ बोलायला धीर लागतो हो.

गंमत म्हणजे पुढे यहुदी रब्बींनी प्रार्थनेचे नियम याच बाईकडून घेतले. मन लावून करावी, ओठ हलावेत, आवाज चढू नये, आणि हो, पिऊन करू नये, हे सगळं तल्मूद या त्यांच्या धर्मग्रंथाच्या बेराखोत भागात आहे. त्यांची उभं राहून करायची अमिदा प्रार्थना आजही अशीच पुटपुटत म्हणतात आणि नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी, रोश हशानाला, सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनागृहात, हन्नाचाच पाठ वाचतात.

पण मला सगळ्यात जास्त अठरावं वचन लागलं. तिने नक्की काय मागितलं ते एलीला माहीतसुद्धा नाही, तो नुसता शांतीने जा, देव तुझं मागणं पुरवो म्हणतो, आणि ती जाऊन जेवते, चेहरा पहिल्यासारखा उदास राहत नाही. अजून काहीच झालेलं नसतं, पनिन्ना तिथेच आहे, मुलाचा पत्ता नाही, रामा या आपल्या गावी परतायचंय, आणि ही जेवतेय.

आणि हिला मोठ्याने बोलता येत नव्हतं असंही नाही बरं का, दुसऱ्या अध्यायात तिची चांगली दहा वचनांची प्रार्थना आहे, बलवानांची धनुष्यं मोडली वगैरे, एकदम जोरदार.

या बुधवारी सभा आमच्याच घरी आहे. मावशींना दाराजवळची खुर्ची ठेवलीय.